पंधरा तारखेचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना म्हणता? तुमच्या आजोबांचे आजोबा सोडा, तुमचे डोंगर आणि समुद्रसुद्धा माझ्यापुढे कालची पोरं. साडेचार अब्ज वर्षांचा आहे मी! मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा एक पट्टा आहे, तिथे मी सूर्याभोवती फिरतो. माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला तुम्हाला तासभर पुरेल. फक्त जोरात उडी मारू नका. परत खाली याल याची खात्री मी देत नाही.

आधी आम्ही नुसती धूळ होतो. कण कणाला चिकटला, गोळा झाला, गोळे वाढत गेले. आम्हाला ग्रह व्हायचं होतं हो! पण शेजारी गुरू पडला दांडगा. त्याच्या ओढाताणीने आमचं बस्तान काही बसलं नाही. मग कधीतरी दोन मोठे गोळे एकमेकांवर आदळले आणि त्यातला एक तुकडा म्हणून मी बाहेर फेकला गेलो. तेव्हापासून फिरतोच आहे. पट्टा म्हटलं की तुम्हाला गर्दी वाटत असेल. छे! जवळचा शेजारीसुद्धा लाखो किलोमीटर दूर. माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाहणं म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हतं.

मग ती गोष्ट घडली. माझ्या अंगावर पडलेलं थोडं ऊन उलटून पृथ्वीकडे गेलं आणि पंधरा मिनिटांनी एका वेधशाळेच्या दुर्बिणीत शिरलं. दुर्बिणीमागे मसाला लावलेली फोटोची काच तासभर उघडी ठेवली होती. त्या काचेवर तारे, निगेटिव्हवर दिसतात तसे, काळ्या ठिपक्यांसारखे उमटले. मी मात्र सरकत होतो, म्हणून माझी बारीकशी रेघ उमटली. मित्रांनो, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्या रेघेतून मला वेधशाळेतलं सगळं दिसू लागलं. साडेचार अब्ज वर्षांनी मला डोळा फुटला!

पहिलं काय दिसलं? एका ताईचा चेहरा. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं. काचांवरच्या ठिपक्यांच्या जागा भिंगातून मोजायच्या, हे ताईचं काम. नोकरीला लागून तिला तीनच आठवडे झाले होते. माझ्या रेघेवर येऊन तिचं भिंग थांबलं.

"अगंबाई!" ती स्वतःशीच म्हणाली. "तू कोण रे?"

आजवर मला कोणी अरेतुरे केलं नव्हतं. काय वाटलं ते सांगता येत नाही. ताईने काचेच्या मागच्या बाजूला शाईने माझ्याभोवती गोल काढला. दुर्बिणीवरच्या माणसाची चिठ्ठी काचेच्या पाकिटात होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'तारीख चौदा, रात्री दोन.' ताईने तेवढं धरून हिशेब मांडला आणि पाच दिवसांनी मी कुठे असेन ते सांगितलं. त्या रात्री बरोबर त्याच जागेवर दुर्बीण रोखली गेली. मी तिथे नव्हतोच! तिथे पोचायला मला अजून एक दिवस लागणार होता. दुसऱ्या रात्री मी धावतपळत तिथे पोचलो, तर दुर्बिणीने तोंड फिरवलेलं.

"ताई, काचेवरचा ओरखडा आहे तो," मोठे साहेब म्हणाले. "होतं असं नव्या माणसाचं. चला, कामाला लागा."

कचेरीतल्या लोकांना तेवढंच निमित्त पुरलं. तिचं नाव पडलं ओरखडाताई. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा कोणीतरी तो विनोद केलाच, आणि ती हसली. मी मात्र पेटीत, अंधारात पडून होतो. ओरखडा तर ओरखडा. तिला तोंडघशी पाडलं याचं फार वाईट वाटायचं.

अडतीस वर्षं गेली. वेधशाळेत कॉम्प्युटर आले. जुन्या काचांनी अडवलेली खोली रिकामी करायचं ठरलं आणि दुपारी चारला भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. त्याच दुपारी साडेतीनला एक गणितज्ञ मुलगी धापा टाकत आली. नव्या दुर्बिणीला मी सापडलो होतो. मी पूर्वी कुठे होतो याचं गणित तिने उलटं मांडलं होतं आणि त्यात ही काच येत होती. काचांना शेवटचं पाहून घ्यावं म्हणून ताईही आली होती. केस पांढरे झालेले, हातात काठी.

मुलीने काच उजेडासमोर धरली. माझा जीव त्या रेघेत गोळा झाला.

"काकू, गोल आहे, पण जागा जुळत नाही," ती हळूच म्हणाली. "चौदा तारखेला रात्री दोन वाजता तो इथे नव्हता. हा ओरखडाच असणार."

तिने काच पेटीत ठेवली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ताईने मान हलवली, सवयीने पाकिटातली चिठ्ठी काढली आणि वाचली. पुन्हा वाचली. मग ती मुलीपुढे धरली.

"अगं, दुर्बिणीवरची माणसं अख्ख्या रात्रीला संध्याकाळचीच तारीख देतात! चौदाच्या रात्रीचे दोन म्हणजे पंधरा तारीख लागलेली. जन्मभर मी हे दुसऱ्यांना शिकवलं गं. पण तेव्हा नोकरीला तीनच आठवडे झाले होते, आणि नंतर लाजेने ही चिठ्ठी कधी उघडलीच नाही."

मुलीची बोटं कीबोर्डवर भराभर चालली. मग ती उठून उभी राहिली.

"काकू, बरोबर गोलात! केसभरही इकडेतिकडे नाही!"

ट्रक रिकामा परत गेला. भंगारवाला पुटपुटला, "काचेच्या तुकड्यापायी एवढा कालवा!" त्याला कोण सांगणार? अफाट अंधारातून एवढंसं ऊन येतं, बोटभर काचेत मुक्काम करतं आणि अडतीस वर्षं कोणाची तरी वाट पाहतं. मी जन्माचा दगड, पण हे आठवलं की आजही मला पाझर फुटतो.

म्हणून मित्रांनो, जुनं काही टाकायला निघालात तर आधी ते उजेडासमोर धरा. आणि नव्या माणसाचं चुकलं, तर कुठे चुकलं तेवढं त्याच्याबरोबर बसून पाहा.

काचेचा स्वच्छ फोटो घ्यायचा म्हणून मुलगी तिच्यावरची शाई पुसायला निघाली होती. ताईने तिचा हात धरला. "राहू दे तो गोल. मला आधी पेन दे." मग तिने चिठ्ठीवरचं चौदा खोडलं, पंधरा लिहिलं आणि भिंग माझ्यावर आणून म्हणाली, "माफ कर रे. तुला एक दिवस आधीच बोलावलं होतं मी."