फोटो झाला, बाई!

भोकरपाड्याच्या शाळेत कुठलाही विषय एकाच जागी संपायचा. मराठी असो, गणित असो नाहीतर परिसर अभ्यास, बाईंनी मोबाईल वर धरला आणि 'खट्' असा आवाज झाला की पोरं पुस्तकं मिटायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण न शिकवता शिकलेलंच अंगी जास्त मुरतं, आणि पाड्यावरची पोरं काही मठ्ठ नव्हती.

गणिताच्या तासाला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायचे, गोल करून बसायचं, फोटो व्हायचा आणि उत्तर निघायच्या आत गठ्ठे सुटायचे. परिसर अभ्यासाला मोड आलेली मटकी तळहातावर घेऊन सगळ्यांनी डोळे मोठे करायचे, मग मटकी खाऊन टाकायची. हात धुण्याच्या दिवशी तर कहरच झाला. कोपरापर्यंत फेस करून तिसरी-चौथी रांगेत उभी राहिली, फोटो निघाला, आणि पाणी ओतायच्या आधीच निम्म्या पोरांनी फेस चड्डीला पुसून मैदान गाठलं. "अरे, धुवायचे राहिले की!" म्हणून ललिताबाई ओरडल्या, तर एक पोरगं लांबूनच म्हणालं, "फोटो झाला, बाई!"

ललिताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी ती जायला फार वेळ लागत नसे. नाशिकला द्वारका चौकातून रोज सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन इगतपुरीच्या बाजूला यायचं, फाट्यापासून पाड्यापर्यंत चिखलाची वाट तुडवायची, आणि शाळेत पाऊल टाकावं तर पिशवीतल्या मोबाईलवर तालुक्याचा व्हॉट्सअॅप गट गुरगुरायला लागायचा. 'आनंददायी वाचनाचे फोटो दुपारी दोनच्या आत टाका. न टाकणाऱ्या शाळांची नावे वर कळवली जातील.' पोरगं वाचायला शिकलं का, हे त्या गटावर आजवर कुणी विचारलं नव्हतं. वाचताना दिसतंय का, एवढंच हवं होतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि जेवून तृप्त झाल्याचे ढेकर मात्र खरे!

"बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मुख्याध्यापक संतोष सर म्हणायचे. सर वाईट नव्हते. शाळेत शिक्षक दोनच, त्यामुळे पहिली-दुसरी त्यांच्याकडे आणि वरचे सगळे आदेशही त्यांच्याकडेच यायचे. "दोन मिनिटांचं काम. काढायचे आणि टाकायचे."

"दोन मिनिटांचं?" बाई म्हणायच्या. "सर, पोरांना वाटतं शाळा म्हणजे हेच!"

या सगळ्यात त्यांचा जीव टांगला होता तो चौथीतल्या तृप्तीपायी. पोरगी चुणचुणीत होती. पण दरवर्षी भात कापून झालं की तिचे आईबाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे जायचे, आणि धाकट्याला सांभाळायला तृप्तीला न्यायचे. हंगाम संपवून परत येईतो शाळेचं वर्षही संपत यायचं. असं करत करत ती चौथीला पोचली होती आणि जोडाक्षर आलं की अजून दगडाला ठेचकाळल्यासारखी थांबायची.

दिवाळीआधी बाई तिच्या घरी गेल्या. "यंदा हिला नेऊ नका," असं त्यांनी तृप्तीच्या आईला, कुसाबाईला, हात जोडून सांगितलं. "तिची मावशी आहे ना पाड्यावर? तिच्याकडे ठेवा."

कुसाबाई भात झोडत होती. तिचा हात थांबला नाही. "सरांनी दाखिवला व्हता फोटू," ती म्हणाली. "ही पुस्तक घिऊन बसलीय, हासतीय. मला लय बरं वाटलं. हिला घरी आनलं नि म्हनलं, ह्या तेलाच्या पुड्यावर काय हाय, वाच. तर नुसती बघतीया. बाई, माझी पोर फोटूत वाचती, घरात नाय वाचत."



"सांभाळायला मानूस लागतंय तिकडं," कुसाबाई पुढं म्हणाली. "तरी बी ठिवते. पन माझ्या कानानं ऐकीन तवा. आमची गाडी यायच्या आदल्या दिशी मी साळंत यिते. वाचली तर राहील. नाय वाचली तर बाळाला तरी सांभाळंल."

त्या दिवसापासून ललिताबाईंनी कंबर कसली. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की तृप्ती आणि बाई पायरीवर. मोबाईल पिशवीत, पिशवी खिळ्याला. गट गुरगुरला तर गुरगुरू दे. फोटो मागायला संतोष सर आले की बाई म्हणायच्या, "तुमच्या पहिलीचेच दोनदा टाका, तिकडे कोण बघतंय!" आणि खरोखर कुणी बघत नव्हतंच. सरांनी एकदा चुकून पोषण आहाराच्या रांगेचा फोटो योगासनांच्या नावाखाली टाकला, तर त्यालाही वरून 'अभिनंदन' आलं.

'च्या' आला, 'म्हा' आला, 'त्र' रडवून रडवून आला. शेवटच्या आठवड्यात तृप्ती अख्खं पान वाचायला लागली. अडखळायची, घाम पुसायची, पण बोट पुढे सरकायचं. ती वाचायला लागली की बाई श्वाससुद्धा जपून घ्यायच्या.

आणि नेमका तोच दिवस साहेबांना सापडला! कुसाबाई यायची त्याच दुपारी तालुक्याहून तपासणीला साहेब आले. पांढऱ्या गाडीतून उतरले, संतोष सरांच्या हातून नारळ घेतला, त्याचा फोटो झाला. कुंडीतल्या झाडाला पाणी घातलं, त्याचा फोटो झाला. मग चौथीत येऊन म्हणाले, "हं, कोण वाचून दाखवतं बरं?"

बाई काही बोलायच्या आत तृप्ती उठली. एरवी पाहुणे आले की मागच्या पोरींच्या आड दडणारी तृप्ती, आपणहून उठली. तिनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं.

"गावा... च्या वेशीवर एक म्हा... म्हातारी चिंचा विकत बसे. तिच्या डोक्या..."

"अरे वा!" साहेबांनी खिशातून मोबाईल काढून वर धरला.

तृप्ती थांबली. शब्दाच्या मधोमध, बोट होतं तिथंच ठेवून थांबली. पुस्तक तिनं छातीशी उभं धरलं, वरचं नाव दिसेल असं. मान किंचित वाकडी केली आणि हसली. तिच्या पाठोपाठ सगळा वर्ग हसला. 'खट्' झालं. तृप्तीनं पुस्तक मिटलं आणि ती खाली बसली.

"छान! अस्खलित वाचन!" साहेब फोटो बघत म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे वळले.

"साहेब," ललिताबाई म्हणाल्या, "तिचं वाक्य राहिलंय."

"अं?"

"वाक्य राहिलंय तिचं. म्हातारीच्या डोक्यावर काय होतं ते तुम्ही ऐकलंच नाही."

साहेब हसले. "मॅडम, आला ना फोटो."

"फोटो आला, पण वाचन गेलं ना!" बाईंचा आवाज असा चढला की पहिलीतली पोरं दारात येऊन उभी राहिली. संतोष सर मागून खुणा करत होते, त्यांच्याकडे बाईंनी पाहिलंही नाही. "ही पोरगी या पानासाठी रोज रडलीय. आज पहिल्यांदा आपणहून उभी राहिली. अर्धं मिनिट ऐकून घेतलं असतं तर तुमचं काय बिघडत होतं? वाचायला शिकवा म्हणता, आणि कुणी वाचायला लागलं की तुम्हीच तिचं तोंड बंद करता! मराठीत हसायचं, गणितात हसायचं, हात धुताना हसायचं. चार वर्षांत यांना आम्ही एवढंच शिकवलंय, उभं राहून हसायला! लाज वाटते मला!"

साहेबांचे कान लाल झाले. "तुमच्या शाळेचे फोटो कमी का येतात ते आज कळलं," ते शांतपणे म्हणाले. "खुलासा मागवतो. सर, चहा कुठंय?" आणि ते संतोष सरांबरोबर ऑफिसात निघून गेले.

बाई वळल्या तर दारात कुसाबाई. काखेत बाळ, डोक्यावर पदर. कधीची उभी होती कोण जाणे.

"पायलं म्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच बाईंना जास्त लागलं. "फोटू काढला नि पुस्तक मिटलं. चल तृप्ते. गाडी पहाटंची हाय, बांधाबांध पडलीय."

"अहो, ती वाचत होती! तिला येतं!"

"ये आये, मला येतं," तृप्ती रडवेली झाली. तिनं घाईघाईनं पुस्तक उघडलं आणि उभ्याउभ्या सुरू केलं. गावाच्या वेशीवर एक म्हातारी चिंचा विकत बसे. तिच्या डोक्यावर फाटकी टोपली होती. पुढचं, त्याच्या पुढचं, सगळं पान. घाईत ती एकदाही अडखळली नाही, आणि तिथंच घात झाला.

"पाठ हाय तिचं," कुसाबाई म्हणाली. "मागल्या साली बी कविता म्हनून दाखिवली व्हती, अशीच भराभरा."

"म्हनत नाय, आये. वाचते!"

"मला काय कळतंय त्यातलं? तू म्हनतीस का वाचतीस, मला कसं कळावं?"

बाई हतबल झाल्या. खरं होतं ते. या बाईला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते तिच्याशी वर्षानुवर्षं खोटं बोलत होते. तिनं कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? दुसरं पान उघडून दिलं तरी तेही पाठच असेल, असंच ती म्हणणार. संताप असा आला, की साहेबांना ऑफिसातून ओढून आणावं आणि या माउलीसमोर उभं करावं!

कुसाबाईनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाळाला बाईंच्या हाती दिलं, बांगड्या कोपराकडे वर सारल्या आणि उजवा हात तृप्तीपुढे धरला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, गोंदलेल्या ठिपक्यांच्या खाली काहीतरी हिरवं, फिकट, कातडीबरोबर ताणलं गेलेलं होतं.

"हे वाच," ती म्हणाली. "हे काय हाय ते मला ठावं हाय. दुसऱ्या कुनाला नाय. तुझ्या बापाला बी नाय."

तृप्तीनं आईचा हात दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे वळवला. याच हातानं तिला आजवर न्हाऊ घातलं होतं, भाकरी वाढली होती, पण त्यावर अक्षरं आहेत हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं, सगळी ठिपक्यांचीच नक्षी वाटायची. तिनं बोट ठेवलं. ओठ हलले, आवाज नाही. बाळ कुरकुरायला लागलं तर बाईंनी त्याला खांद्यावर घेतलं. सांगायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी दात आवळून धरले.

"च... चं..." बोट थांबलं. मागं आलं. "द... नाय. द्र. चंद्र." तिनं वर पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती पुन्हा खाली वाकली. "भा. गा." आणि मग एकदम, "चंद्रभागा! आये, चंद्रभागा कोन?"

कुसाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली.

"मैतरीन व्हती माझी," ती म्हणाली. "जत्रंत गोंदून घेतलं आमी. तिनं माझं नाव, म्या तिचं. ती साळंत जायाची, तिनंच वाचून दाखिवलं व्हतं. त्याच्यानंतर कुनी वाचलंच नाय बघ. आज तू वाचलंस." तिनं पदरानं डोळे पुसले आणि हात पुढेच ठेवला. "पुन्ना वाच."

"चंद्र-भागा," तृप्ती म्हणाली.

"वा! वा! मॅडम, हे बघा, हे हवं आपल्याला!" मागून साहेबांचा आवाज आला. चहा संपवून ते गाडीकडे निघाले होते, ते दारातच थबकले आणि मोबाईल वर धरून दोन पावलं पुढे आले. "माय-लेकी, आईच्या हातावर अक्षर! ताई, हात असाच ठेवा. बेटा, इकडे बघ."

तृप्तीची मान सवयीनं वळली. ओठांवर ते ठरलेलं हसू यायला लागलं. ललिताबाई बाळासकट पुढे झेपावल्या, पण त्यांच्याआधी कुसाबाईनं आपला गोंदलेला हात लेकीच्या चेहऱ्यासमोर आडवा धरला.

"ते ठिवा खिशात, साहेब," ती म्हणाली. "पोर वाचतीय."