नोनियसच्या वाट्याचे पाणी

मित्रांनो, माझ्या तळाला एक भोक आहे. ते झिजून पडलेले नाही, तांबटाने मुद्दाम पाडलेले आहे. मी रोमच्या न्यायसभेतले एक जुने पाणघड्याळ आहे. मला काठोकाठ भरत आणि वकील बोलू लागे. माझ्यातले पाणी गळून गेले की त्याचे बोलणे बंद.

आमच्या रोममध्ये ज्याला चारचौघांत बोलता येते, त्यालाच मान. भलेभले वकील बोलताना माझ्याकडे चोरून बघत. मला त्याचा अभिमान वाटे. नोनियसचा खटला उभा राहीपर्यंत वाटत होता.

नोनियस दोर वळणारा. त्याची बायको फॅडिया तापाने गेली. शेवटी तिने पाणी मागितले आणि त्याने पाजले. पेल्यात विष होते, असा आरोप तिच्या भावाने केला. मला भरत होते तेव्हा नोनियस काळ्या कपड्यांत, दाढी वाढलेली, माझ्याशेजारी उभा होता. तो आपल्या वकिलाला, पेटिलियसला, म्हणाला,

"मालक, पेल्यात उरलेलं पाणी मीच प्यालो. तिच्या भावाच्या डोळ्यांदेखत. त्याला शपथेवर विचारा, एवढंच करा."

"विचारीन रे. पण शेवटी. जोरदार ते शेवटी ठेवायचं असतं."

"मीच बोलू का?"

"तू? तुझ्या जिभेला दोरासारखे पीळ पडतील! गप्प उभा राहा आणि रड."

पेटिलियसने देवांपासून सुरुवात केली. मग पंचांच्या पूर्वजांचे गुण गायले. जेवणाच्या बोलीवर आणलेली त्याची माणसे मागे उभी होती. ती वाक्यावाक्याला टाळ्या वाजवत. टाळ्या संपेपर्यंत तो थांबे. मला थांबता येत नसे. साक्षीचा कागद वाचताना चोपदार माझ्या भोकाला बोट लावून पाणी थांबवत असे, पण टाळ्यांसाठी बोट लावायची रीत नव्हती. नोनियस माझ्याकडेच बघत होता. मी काय करणार?

"आणि आता, पंचहो, तो पेला!" पेटिलियसने हात उंचावला. पुन्हा टाळ्या. माझा शेवटचा थेंब पडला.

"पाणी संपलं!" चोपदार ओरडला.

"अहो वकीलसाहेब, पेला तसाच राहिला की!" गर्दीतून कोणीतरी म्हणाले. लोक हसले.

"उरलेलं पाणी मी..." नोनियस पुढे आला.

"मागे हो. संपलं म्हटलं ना!" चोपदार खेकसला.

पंचांनी मेणाच्या पाट्यांवर मत दिले. नोनियस दोषी. त्याला हद्दपारीची शिक्षा सांगितली गेली, ती आमच्याकडे अशीच सांगतात: या माणसाला कोणीही पाणी देऊ नये, विस्तव देऊ नये.

माझ्याखालचे घंगाळ त्याच्याच वाट्याच्या पाण्याने भरलेले होते. तो त्याच्याकडे बघत म्हणाला, "घोटभरच मागितलं होतं तिनं." चोपदाराने ते पाणी गटारात ओतले आणि पुढच्या खटल्यासाठी मला पुन्हा भरले.

पुढे मला चीर गेली. आता मी चोपदाराच्या अंगणात आडवे पडलेले आहे. माझ्यात कोंबड्या बसतात.

मित्रांनो, छान बोलायला जरूर शिका. पण ज्याच्यासाठी बोलायला उभे राहाल, त्याची गोष्ट आधी सांगा. टाळ्यांसाठी थांबू नका. पाणी कोणासाठी थांबत नाही, आणि मला ते कधीच अडवता आले नाही.