उजवा खिसा

मुलगी डावखुरी. शाळेतल्या प्रयोगशाळेपासून तिच्या प्रत्येक पांढऱ्या कोटाचा खिसा आई उजवीकडे लावत आली होती, म्हणजे डाव्या हाताने पेन पटकन काढता यावं. आईचं शिवणाचं दुकान होतं. हातशिलाई करताना ती दर पाचवा टाका उलटा घ्यायची. गिऱ्हाइकं चेष्टा करत, पण तिची शिवण कधी उसवली नव्हती.

संशोधनासाठी मुलीला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक जवळचं विद्यापीठ: फी माफ, वर दरमहा विद्यावेतन, पण नाव सांगितलं की लोक विचारायचे, हे कुठे आलं म्हणून. दुसऱ्याचं नाव ऐकून मामा खुर्चीतून उठलाच होता. तिथला खर्च मात्र डोळे पांढरे करणारा. आईने शांतपणे सांगून टाकलं, दुकानाचा गाळा विकू, मशीन घरी आणू. मुलीचं मन धजेना. निदान एकदा ते ठिकाण पाहून येते, म्हणाली.

तिथे प्रयोगशाळेच्या दारातच म्हाताऱ्या मदतनिसाने तिला खुंटीवरचा एक जुना कोट दिला. कोटाशिवाय आत सोडत नसत. तो अंगावर असा बसला, जणू माप घेऊन शिवलेला. सवयीने डावा हात छातीकडे गेला आणि पेन खिशात सरकलं. मग ती थबकली. खिसा उजवीकडे होता.

प्राध्यापक एकेक यंत्र दाखवत पुढे चालले होते आणि ती मान डोलावत बोटांनी शिवण चाचपत होती. चार टाके सरळ, पाचवा उलटा. पुन्हा चार, पुन्हा उलटा. कोपरावर ठिगळ होतं, त्यावर आणखी एक. पहिल्याचे टाके बारीक, एकसारखे. दुसऱ्याचे मोठे, थरथरलेले, पण पाचवा उलटाच. बाहीच्या टोकाशी तिसरी दुरुस्ती होती. तिथे उलटा टाका नव्हता. सगळे टाके भलत्याच बाजूला कललेले. असे टाके तिने आयुष्यात एकदाच पाहिले होते: सातवीत तिने स्वतः एक बटण लावलं होतं, आणि ते बघून आई पोट धरधरून हसली होती.

"इथलं काम पुरं व्हायला किती वर्षं लागतात?" तिने विचारलं.

प्राध्यापक हसले. "इथून जायची घाई कोणालाच नसते."

बाहेर आल्यावर तिने कोट काढला. खुंटीला अडकवायची कॉलरखालची पट्टी तेवढी निळी होती. हा कोणाचा, असं तिने मदतनिसाला विचारलं.

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून हा इथेच आहे. न्यायला कोणी आलं नाही." त्याने कोट पुन्हा त्याच खुंटीला लावला. "तुमच्यासाठी ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली, तर आईने नवा कोट शिवून तयार ठेवला होता. खिसा उजवीकडे. कॉलरखाली निळी पट्टी. पांढरा तुकडा पुरला नाही, आई म्हणाली, आणि उद्या गाळा बघायला माणूस येणार आहे.

"त्याला येऊ नकोस म्हणून सांग. मी जवळच्या विद्यापीठात जाते."

आईने चष्म्यावरून पाहिलं. "माझी दया आली का?"

"नाही. मला दर सुट्टीला घरी यायचंय."

मामा काय म्हणेल याची दोघींनाही कल्पना होती. आई बराच वेळ कोटाची घडी घालत राहिली. मग तिने सुईत दोरा ओवला आणि सुई मुलीपुढे धरली. "मग निदान टाका घालायला तरी शीक. कुठे फाटलं तर मी थोडीच येणार आहे तिथे?"

मुलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नाही शिकणार. फाटलं की तुझ्याकडेच आणीन."

सुई धरलेला आईचा हात तसाच पुढे राहिला. तो थरथरत नव्हता. मुलीने नीट पाहून घेतलं.