चाळीस वेळा चावून

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी आयुष्यात एकच थाप मारली, तीही आकड्यासकट. त्यांचं अकरा किलो वजन उतरलेलं पाहून हेडक्लार्कनी दारातूनच विचारलं होतं, "बाई, गुपित काय?" समोर नमुन्यांच्या चाळीस बाटल्या होत्या. बाई बोलून गेल्या, "प्रत्येक घास चाळीस वेळा चावते."

खरं गुपित घरच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, आठवड्याला एक टोचायचं इंजेक्शन. पण ते सांगायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या नणंदेनं, वन्संनी, पूर्वीच निकाल दिला होता, "सुया टोचून बारीक होणं म्हणजे कॉपी करून पास होणं!"

थाप ऑफिसभर पसरली. जेवणाच्या सुट्टीत चिडीचूप. सगळे मान डोलावत मोजताहेत. साहेबांनी सुट्टी पंधरा मिनिटांनी वाढवली, कारण तेही तिसाच्या पुढे सरकत नव्हते. तिथवर बाईंना गंमतच वाटली.

मग थाप जिना चढून वन्संकडे पोहोचली. वन्संची साखर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले. त्यांनाही डॉक्टरांनी तेच इंजेक्शन लिहून दिलं होतं. चिठ्ठी महिनाभर पर्समध्ये घडी होऊन पडली होती. "चावून भागतंय तर टोचायचं कशाला? तुझंच उदाहरण दिलं मी डॉक्टरांना," वन्सं अभिमानानं म्हणाल्या. परवाची साखर आणखी वर गेली होती.

आता बाईंच्या घशाखाली घास उतरेना. रविवारी वन्सं खाली जेवायला आल्या, तेव्हा बाईंनी फ्रिज उघडला आणि इंजेक्शनचं पेन ताटाशेजारी ठेवलं.

"वन्सं, मी चावून बारीक झाले नाही. हे टोचून झाले."

वन्संनी हात वर केला. थांब. तोंडातला घास अठरावर होता. बाईंनी बावीस वेळा त्यांचा जबडा हलताना पाहिला. एवढी लांब शिक्षा कुठल्या न्यायाधीशानं दिली नसेल.

घास गिळून वन्सं म्हणाल्या, "अगं, मी सूपसुद्धा चावलं!"

"चुकलं माझं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कॉपी म्हणाला असतात."

वन्सं जबडा चोळत म्हणाल्या, "म्हटलं असतं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी विचारलं असतं, दुखतं का म्हणून." त्यांनी पेन उचलून चष्म्याजवळ धरलं. "दुखतं?"

"फारसं नाही. टोचल्यावर दहा आकडे मोजायचे, मग सुई काढायची."

"दहाच?"

"दहाच."

वन्संनी पर्समधली चिठ्ठी काढून टेबलावर हातानं सपाट केली. "मग उद्या येतेस का माझ्याबरोबर डॉक्टरांकडे? आणि त्याआधी त्या ऑफिसवाल्यांना सोडव. बिचारे उपाशी मरतील."