बाईसाहेबांच्या नसा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि लोक आले होते ते पाय ठेवायलाच. मधोमध एक निळा प्लॅस्टिकचा टब होता. टबात कोमट पाणी, पाण्यात महाराजांनी मंत्र घालून दिलेला पांढरा क्षार, क्षाराच्या पाण्यात बुडवलेली एक जाळीची डबी आणि डबीतून निघून भिंतीतल्या प्लगपर्यंत गेलेली काळी वायर. आलेल्याने टबात पाय सोडायचे, वरून जाड पांढरा टॉवेल पसरायचा, डोळे मिटून बसायचं. काही वेळाने सेवक टॉवेल उचलायचा आणि गर्दीतून एक लांबलचक 'बाप रे' बाहेर पडायचा. स्वच्छ पाणी तपकिरी झालेलं असायचं. वर फेस, तळाशी काळपट कपचे.

"हा बघा गाळ!" उंच खुर्चीवरून महाराज सांगायचे. "जन्मभर हृदयात साठवलेला गाळ. डॉक्टर काय करतात? छाती फाडतात. अरे, मोरी तुंबली तर तुम्ही छत फोडता का?"

"नाही!" गर्दी म्हणायची.

"हृदय वर, तळपाय खाली. मग गाळ कुठे जाणार?"

"खाली!"

"एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या पदव्यांना कळत नाही."

एवढी साधी गोष्ट मलाही कळली नव्हती, पण मी गप्प होतो. कारण टॉवेल उचलणारा सेवक माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा शिंपी आहे. रस्त्याच्या पलीकडे त्याचं दुकान. दिवसभर टेबलाशी उभा राहून कापड बेततो, आणि तासातासाला पायरीवर येऊन सिगारेट ओढतो. राहायला चौथ्या मजल्यावर. आमची लिफ्ट बरेच महिने बंद होती, कारण तळमजल्यावाले दुरुस्तीचे पैसे देत नव्हते; त्यांचं म्हणणं होतं की आम्ही लिफ्टने जायचं तरी कुठे. त्या दिवसांत जिना चढताना दादाच्या छातीवर कोणीतरी गरम इस्त्री ठेवून दाबल्यासारखं होऊ लागलं. दुसऱ्या मजल्यावर टेकलं की जायचं. वहिनीने त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांचा दवाखाना हॉलच्या समोरच. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या, सिगारेट बंद करायला सांगितलं आणि मोठ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफीची तारीख मिळवून दिली.

नेमके त्याच सुमाराला महाराज आले.

ते चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये उतरणार होते. पहिल्याच दिवशी जिना बघून म्हणाले, "मला चढवणार नाही." आणि जे काम सोसायटीच्या साऱ्या सभांना जमलं नव्हतं, ते आमच्या सेक्रेटरींनी दोन दिवसांत करून दाखवलं. लिफ्ट सुरू झाली. जगाची हृदयं धुणाऱ्या माणसाला चार मजले का चढवत नाहीत, हे विचारण्याइतका उद्धट आमच्यात कोणी नव्हता.

महिन्याभरात निम्म्या इमारतीला गुण आला. सेक्रेटरींची धाप थांबली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना म्हणे तरुण वाटायला लागलं. आणि दादाची छाती दुखायची थांबली. त्याने गोळ्या कपाटात टाकल्या, अँजिओग्राफीची तारीख फोनवरून रद्द केली, आणि संध्याकाळचा सेवक झाला.

"दादा, निदान सिगारेट तरी सोड," मी म्हणालो.

"महाराजांना विचारलंय. म्हणाले, धूर वर जातो, गाळ खाली जातो. दोघांची गाठच पडत नाही."

"हे तुला पटलं?"

"तू गेलायस का कधी टबात? नाही ना? मग पुस्तकातलं बोलू नकोस. माझी छाती माझी आहे. दुखत नाही म्हणजे नाही."

त्याची छाती त्याचीच होती, आणि खरंच दुखत नव्हती.

वहिनी मात्र रडकुंडीला आली होती. एका दुपारी ती मला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. तिथे बाकं मोकळी होती. पेशंट सगळे समोर पाय भिजवत होते.

"मी त्यांना दोनदा समजावलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा ते म्हणाले, बाई, तुमचा धंदा बसला म्हणून तुम्ही बोलताय. आता मी काहीही सांगितलं तरी ते तसंच ऐकू येणार."

"पण ते पाणी तपकिरी कशाने होतं?" वहिनीने विचारलं.

"त्या डबीत लोखंडाचे पत्रे आहेत. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की लोखंड झिजतं, त्याचा गंज पाण्यात उतरतो. माणसाच्या अंगातून काही येत नाही."

"म्हणजे पाय घातले नाहीत तरी?"

"तरी. पायांच्या जागी काहीही घाला."

वहिनी खिडकीतून बाहेर बघत राहिली. समोर दादाचं दुकान होतं आणि काचेमागे बाईसाहेब बसल्या होत्या.

बाईसाहेब म्हणजे दुकानातली फायबरची बाहुली. एका फर्निचरच्या दुकानाने मोडीत काढलेली, म्हणून ती बसलेली. गुडघ्यांवर हात, मान किंचित कलती, जणू कोणाचं तरी गाऱ्हाणं ऐकून घेतेय. गेली कित्येक वर्षं दादा तिला नवे कपडे घालतो आणि गिऱ्हाईक नसलं की तिच्याशी बोलतो.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुमच्या टेबलाशी असते ती चाकांची खुर्ची जरा लागेल."

पुढच्या संध्याकाळी हॉल नेहमीसारखा भरला होता. मी खुर्ची ढकलत आत आलो. खुर्चीत वहिनीची जाड शाल पांघरलेली, डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर मास्क आणि हातमोजे घातलेली एक बाई होती. दादा आतल्या खोलीत टॉवेल आणायला गेला होता. वेळ आम्ही तीच साधली होती.

"माझी लांबची बहीण," वहिनी म्हणाली. "चालत नाही, बोलत नाही. परक्या माणसाने हात लावलेला तिला खपत नाही. पाय मीच सोडते."

"सोडा, सोडा," महाराज म्हणाले. "आम्ही शरीराला हात लावतच नाही. आम्ही फक्त बघतो."

वहिनीने शालीखालून पाय टबात सोडले आणि शेजारचा टॉवेल पसरला. बटण दाबलं गेलं. महाराजांनी डोळे मिटले, बोटं हवेत फिरवली आणि कपाळाला आठी घातली.

"फार सोसलंय या माऊलीने."

"हो हो," वहिनी म्हणाली.

"मनातलं कधी बोलून दाखवलं नाही."

"एक शब्द नाही."

"दोन नसा पूर्ण बंद, तिसरी अर्धी. आजवर चालली कशी याचंच आश्चर्य!"

मागे कोणीतरी हुंदका दिला. बाईसाहेब अविचल बसून होत्या. इतका शांत पेशंट महाराजांना पूर्वी मिळाला नसावा. त्यांनी सगळ्यांना तसं बोलूनही दाखवलं. श्रद्धा असावी तर अशी, म्हणाले.

"उचला टॉवेल!"

टॉवेल घेऊन परतलेला दादा गर्दीतून पुढे आला. त्याने नेहमीच्या डौलात टॉवेल उचलला. 'बाप रे' नेहमीपेक्षा मोठा निघाला, कारण पाणी नेहमीपेक्षा गडद होतं. पण दादा टॉवेल धरून तसाच वाकून उभा राहिला. तपकिरी पाण्यातून दोन गुळगुळीत पावलं दिसत होती. टाचा उंच बुटांसाठी कायमच्या उचललेल्या. डाव्या पायाचा अंगठा एकदा मोडला होता. दादानेच तो चिकटवला होता, आणि जोडाची रेघ अजून दिसत होती.

"ही आपली बाईसाहेब आहे," तो हळूच म्हणाला.

वहिनीने चष्मा काढला, मास्क काढला. हॉलमध्ये एकच कल्लोळ. कोणी हसलं, कोणी ओरडलं. दारात उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या, त्यांनी प्लग काढला, पाण्यातून डबी उचलली आणि जाळी उघडली. आत झिजून वेड्यावाकड्या झालेल्या लोखंडी पट्ट्या होत्या. त्यांनी एक पट्टी सेक्रेटरींच्या पांढऱ्या रुमालावर पुसली. रुमालावर गाळ उमटला.

"रोज निघतो तो तुमच्या हृदयातला. हा या पट्टीतला. आणि हा या बाहुलीतला," त्या म्हणाल्या. "तिघांचा रंग एकच कसा?"

महाराजांनी चपळाई दाखवली. "निर्जीव वस्तू टाकून तुम्ही यंत्र भ्रष्ट केलंत!" असं म्हणत ते उठले आणि लिफ्टकडे गेले.

पण खरं संकट पुढेच होतं. गर्दी महाराजांवर चिडली नाही. आमच्यावर चिडली.

"ते यंत्राचं काय असेल ते असो," सेक्रेटरी म्हणाले. "पण आम्हाला गुण आलाय, त्याचं काय? माझी धाप गेली ना!"

"माझी छाती," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ती तर खरंच दुखायची थांबली."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "लिफ्ट कधी सुरू झाली?"

सगळ्यांच्या माना लिफ्टच्या दाराकडे वळल्या.

"जिना चढताना हृदयाला रक्त जास्त लागतं. ते नेणारी नळी अरुंद असली की तेवढं पोचत नाही, आणि छाती तक्रार करते. तुम्ही चढायचं थांबलात, तक्रार थांबली. नळी आहे तशीच आहे. तुम्हाला बरं वाटतंय ते महाराजांमुळे नाही, लिफ्टमुळे. गोळ्या आजपासून परत सुरू करा. तारीख मी उद्या..."

"मी बरा आहे," दादा म्हणाला. सगळ्यांसमोर, बायकोने, भावाने आणि एका बाहुलीने मिळून त्याला खोटं पाडलं होतं. शिंप्याचा स्वाभिमान शिवणीसारखा असतो, उसवला की भरभर उसवतो. "बघायचंय? चढून दाखवतो."

"नको. दादा, ही परीक्षा इथे घ्यायची नसते. थांबा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तो गेलाच. आम्ही गर्दीतून वाट काढेपर्यंत तो पहिला मजला ओलांडून गेला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो आम्हाला कठड्याला धरून बसलेला सापडला. तोंड राखेच्या रंगाचं, शर्ट घामाने भिजलेला.

"टेकलो की जातं," तो म्हणाला. "जाईल आता."

ते गेलं नाही. दुखणं डाव्या हातात उतरलं, जबड्यात चढलं. डॉक्टरीणबाईंनी मला अँब्युलन्स बोलवायला लावलं, दादाला अ‍ॅस्पिरीनची गोळी चावून खायला दिली आणि पाण्याचे पेले, कांदा, पंखा, सल्ले घेऊन धावत आलेल्या सगळ्यांना मागे रेटलं. वहिनी त्याच्या मागच्या पायरीवर बसली आणि तिने त्याची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून घेतली. मी तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा पाहिला नाही.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकवून ठेवलेली होती. महाराज सामान भरत होते.

दादा वाचला. हॉस्पिटलात लवकर पोचला, नळीत जाळी बसवली गेली. पण हृदयाच्या स्नायूचा एक कोपरा गेला तो गेलाच. गोळ्या बंद केल्या नसत्या, तारीख रद्द केली नसती, तर कदाचित तो कोपराही वाचला असता. डॉक्टरीणबाई त्याला भेटायला आल्या तेव्हा त्याने पडल्या पडल्या विचारलं, "तो गाळ खरंच धुऊन निघत नाही?"

"तुम्ही शिंपी ना? कोट आणि अस्तर यांच्यामध्ये नाणं अडकलं तर कोट धुऊन ते निघतं?"

"नाही."

"चरबी तशीच नळीच्या अस्तराच्या आत साचते. वर्षानुवर्षं. सिगारेट, वाढलेला रक्तदाब, साखर, एका जागी बसणं, सगळे हातभार लावतात. एक दिवस अस्तर फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि नळी बंद. गोळ्या अस्तर फाटू नये म्हणून असतात, दादा. दुखत नाही तेव्हाही त्या काम करत असतात."

दादाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "हे आधी असं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुमचे पाय टबात होते."

आता दादा सिगारेट ओढत नाही. सांगितलेल्या वेळी गोळ्या घेतो, डॉक्टरांनी आखून दिलं तेवढं सावकाश चालतो, आणि मध्येच थांबून श्वास घेतो. पूर्वीसारखं दिवसभर उभं राहणं जमत नाही. कापड बसून बेततो. इमारतीत अजून काहीजण म्हणतात की बाहुलीमुळे महाराजांचा कोप झाला. महाराज दुसऱ्या कुठल्यातरी हॉलमध्ये टब मांडून बसले असतील. तिथेही लिफ्ट असेलच.

तुमच्या छातीवर चालताना, चढताना दाब येत असेल, हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, विनाकारण घाम फुटत असेल, बायकांना कधी नुसतीच मळमळ आणि न जाणारा थकवा असेल, तर टब शोधू नका, शेजाऱ्याचा सल्ला शोधू नका, दवाखान्यात जा. दुखणं थांबतच नसेल तर लगेच अँब्युलन्स बोलवा. आणि दुखणं आपोआप गेलं, तर ते का गेलं हे एकदा शांतपणे स्वतःला विचारा.

बाईसाहेब परत काचेमागे बसल्या आहेत. पावलांवर गंजाचे डाग राहिले. दादाने ते घासले नाहीत. गोळ्यांची डबी तो त्यांच्या मांडीवर ठेवतो. परवा मी दुकानात गेलो तेव्हा तो गोळी गिळून तिच्याकडे बघत होता.

"काय म्हणतात बाईसाहेबांच्या नसा?" मी विचारलं.

"तिचं बरं आहे," दादा म्हणाला. "तिला हृदयच नाही. तिला कुठलाही महाराज चालतो."