दोन फायलींतलं एक हृदय

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता पाठीला बाक आलेल्या थोरल्यांना निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी मानपत्र मिळणार होतं. छापखान्याकडून नव्हे, हृदयरोग संशोधन निधीकडून. ‘सव्वीस वर्षं एकदाही न चुकता तपासणीला आलेले सहभागी’ असं पत्रात होतं. थोरल्यांनी जुन्या सवयीने आधी पत्रातली छपाईची चूक शोधली, ती सापडली, मग मोठी चूक आठवली. ते तपासणीला एकदाही गेले नव्हते.

निधीने अभ्यासासाठी अख्खा छापखाना निवडला होता. शिसं, तंबाखू आणि मालक, म्हणजे हृदयाला लागणारा सगळा त्रास एकाच छपराखाली. दरवर्षी रक्त घ्यायचे, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढायचे आणि लांबलचक प्रश्नावली भरून घ्यायचे. पहिल्याच वर्षी नुसती सुई बघून थोरले दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले. त्याच छापखान्यात काम करणारा धाकटा भाऊ नुकताच तपासून बाहेर आला होता.

“दादा, चष्मा दे इकडे.”

“कशाला?”

“मी तू होऊन येतो. उंची एक, नाक एक. तुझ्यासारखं तोंड पाडून बसावं लागेल, तेवढं जमवतो.”

तेव्हापासून धाकटे सकाळी स्वतःच्या नावाने आणि दुपारी थोरल्यांच्या नावाने छाती उघडी करून द्यायचे. थोरले समोरच्या बाकावर थांबायचे. मग दोघं भाऊ चहा घेऊन रमतगमत घरी यायचे. वर्षातली ही एकच दुपार अशी, की दोघं कुठे आहेत ते दोघांच्या बायकांना नक्की माहीत असायचं.

पुढे निधीच्या अहवालात आलं, की भावाभावांची हृदयं थक्क व्हावं इतकी सारखी असतात. त्यावर एक परिषदही भरली. त्या अहवालाचे खिळे थोरल्यांनीच जुळवले होते आणि त्यात एकही चूक राहू दिली नव्हती.

मागच्या वर्षी धाकटे फुप्फुसाच्या दुखण्याने गेले. आता थोरल्यांच्या जिवाला घोर लागला. निधी चालत होता तो रविवारी जुनी पुस्तकं विकणाऱ्या, वर्गणीसाठी घरोघर पायपीट करणाऱ्या माणसांच्या जोरावर. त्यांच्यासमोर मानपत्र कोणत्या तोंडाने घ्यायचं? आणि खरं बोलावं, तर धाकट्याला मेल्यावर लबाड ठरवायचं.

मानपत्राच्या सभेच्या तीन दिवस आधी ते अभ्यास सांभाळणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या.

“काका, म्हणजे आम्ही छापलेला निष्कर्ष...”

“खरा आहे ना. माणसाचं हृदय त्याच्या स्वतःच्या हृदयासारखंच असतं.”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. “तुमची फाइल बाद करावी लागेल. आणि मानपत्रही.”

“करा. त्याची सकाळची फाइल तेवढी ठेवा. ती अस्सल आहे.”

“ती राहील.”

बाद करण्यापूर्वी बाईंनी थोरल्यांची फाइल त्यांच्याच पुढ्यात उघडली. एका पानावर तपासनिसाचा शेरा होता, ‘दरवाजावर आपटतात, नजर तपासावी.’ दुसऱ्याचा चष्मा लावून चालणारा माणूस आणखी काय करणार. थोरले पानं उलटत गेले.

दर वर्षीचा शेवटचा प्रश्न होता, ‘अडचणीत आधार कोणाचा?’ आणि दर वर्षी धाकट्याच्या तिरक्या अक्षरात थोरल्यांचं उत्तर, ‘धाकटा आहे. बडबड फार करतो, पण आहे.’ पंचवीस वर्षं शब्दही बदलला नव्हता. सव्विसाव्या वर्षी लिहिलं होतं, ‘धाकटा हल्ली खोकतो. मला काळजी वाटते, पण मी ती बोलून दाखवणार नाही.’

थोरल्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. त्या वर्षी ते भावाला ‘विडी सोड’ एवढंच म्हणाले होते, तेही वर्तमानपत्राआडून.

“हेही बाद करायचं ना?” बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

“मापं बाद करा,” थोरले म्हणाले. “हे उत्तर ठेवा. मी आलो असतो तर हेच... नाही, मी लिहिलं नसतं. पण बरोबर आहे.”

बाईंनी त्या ओळीपुढे ‘ग्राह्य’ असं लिहिलं, सही केली, आणि सव्वीस वर्षांच्या बाकी नोंदींवर पट्टी धरून रेघा मारायला सुरुवात केली. थोरले त्यांना एकेक पान उलटून देत होते.