प्रसादात काय आहे

तुंगाबाईंच्या हातची कोसंबरी आणि चामराजपुरमच्या त्या गल्लीतला राम, दोघं एकाच वयाचे, असं त्यांचे यजमान नरसिंहमूर्ती चेष्टेनं म्हणत. पाडव्यापासून नवमीपर्यंत गल्लीतल्या मांडवात रोज संध्याकाळी हरिकथा व्हायची. आरती झाली, की भिजवलेली मूगडाळ, काकडी आणि ओलं खोबरं कालवून वर हिंग-मोहरीची फोडणी दिलेली ती कोसंबरी द्रोणातून वाटली जायची. ती हातात पडल्याशिवाय मांडवातून कुणी हलत नसे.

यंदा त्या कोसंबरीत नवसही मिसळला होता. त्यांचा एकुलता एक हयग्रीव, पस्तिशीचा, कंपनीत चांगल्या हुद्द्यावरचा. माघात त्याचं मोठं आतडं काढावं लागलं. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून त्यावर पिशवी बसवलेली. ती बदलताना तो न्हाणीघराची कडी लावून घेई आणि फक्त अण्णांना, म्हणजे वडिलांना, आत घेई. तुंगाबाई बाहेर उभ्या राहून विष्णुसहस्रनाम म्हणत. मग स्वयंपाकघरात जाऊन भात आणखी मऊ करत. त्यांच्या हातात तेवढंच होतं. आणि त्या भातावर, ताकावर पोरगा खरोखरच अंग धरू लागला होता. गालांवर थोडं मांस दिसू लागलं होतं.

"काकडी, ओलं खोबरं, सालीचं काही नको अम्मा, आतड्यात बोळा बसतो," असं दवाखान्यातल्या सिस्टरनं त्यांच्या देखतच सांगितलेलं. तुंगाबाईंनी मान डोलावली होती. स्वयंपाकात त्यांनी खोबऱ्याचा कीससुद्धा पडू दिला नाही. पण प्रसाद म्हणजे का स्वयंपाक?

पाडव्याला त्या मांडवातून परतल्या ते ओसंडणारा द्रोण घेऊन.

"आई, ह्यात खोबरं आहे की."

"प्रसादात काय आहे ते विचारायचं नसतं. डोळ्यांना लाव आणि तोंडात टाक."

"थोडीच दे हं."

"थोडी कसली? रामानं तुला परत दिलाय मला. सगळी खा!"

त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळी खाल्ली. तुंगाबाईंना इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात उरलेलीही त्यांनी त्याला वाढली.

दुपारपर्यंत पिशवी कोरडीठाक. पोटात असा पीळ पडला, की हयग्रीव भिंत धरून उभा राहिला आणि त्याला बसता येईना. नरसिंहमूर्तींनी रिक्षा बोलावली. नाकातून नळी, हाताला सलाईन. बोळा सरकला, चाकू लागला नाही, एवढी रामाचीच कृपा. दोन दिवसांनी तो घरी आला. आईला एका शब्दानं बोलला नाही.

बोलला असता तर बरं झालं असतं. तुंगाबाई पानाजवळ भाताची पळी घेऊन गेल्या, की तो हळूच पातेलं ओढून घेई. "राहू दे आई, मी घेतो वाढून." मग चमच्यानं भात उकरून बघे. शितं शिजलीत का बघावं तसं नाही, खडे शोधावेत तसं. पोटच्या पोरानं आपल्या हातचा भात उकरून बघावा, याहून आईला आणखी काय ऐकायचं असतं?

तुंगाबाईंनी मांडवात जाणं सोडलं. तेव्हा अष्टमीला सकाळी हरिकथा सांगणारे बिंदुमाधवदास स्वतःच घरी आले. गळ्याला मफलर, आवाज पार बसलेला.

"काय तुंगाबाई, पहिल्या रांगेतला तुमचा पाट रिकामा. कथा इतकी वाईट झाली काय?"

"कसल्या तोंडानं येऊ, दास? रामाच्या प्रसादानंच माझ्या लेकराला..." त्यांनी कॉफीचा लोटा पुढे सरकवला.

दासांनी कॉफीचा घोट घेतला. "हा घसा बघा. सात दिवस झाले, वरचा षड्ज लागत नाही. काल काय केलं, पट्टी दोन सुरांनी खाली घेतली. सभेतून कुणी म्हटलं का, की आज राम थोडा कमी पडला?"

"नाही की."

"वरच्याच पट्टीत ओरडलो असतो, तर घसाही गेला असता आणि कथाही. कॉफी फर्स्ट क्लास." एवढंच म्हणून ते उठले.

तुंगाबाईंनी रिकामा लोटा विसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी सोललेली मूगडाळ शिजत घातली.

नवमीला मांडवात द्रोणांऐवजी पेले आले. शेजारच्या विशालाक्षीबाईंनी पेल्यात डोकावून पाहिलं. "हे काय हो? पायस? कोसंबरी कुठे? डाळ भिजवायला विसरलात काय?"

"यंदा रामाला हेच हवं होतं."

"तुम्हाला सांगून गेला वाटतं!"

"होय. माझ्याच घरी राहतो."

हयग्रीव मागच्या खांबाशी खुर्चीवर बसला होता. ढगळ सदरा, मांडीवर उपरणं. दवाखान्यातून आल्यापासून चार माणसांत तो पहिल्यांदाच आलेला. अण्णांनीच त्याला आणलं होतं. पेला घेऊन तुंगाबाई त्याच्यासमोर गेल्या, पण त्यांनी तो पुढे केला नाही. दोन्ही हातांत घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"मूगडाळ," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "शिजवून, घोटून. मग गाळून घेतली. गूळ, तोही विरघळवून गाळलेला. खोबरं नाही, नुसतं त्याचं दूध. ते फडक्यातून... दोनदा. चोथा सगळा गाईला घातला. वेलची कुटून, टरफल काढून. आणि... आणि नको वाटलं तर घेऊ नकोस. रामाला राग येणार नाही. मलाही."

हयग्रीवनं मांडवभर पाहिलं. विशालाक्षीबाई नाक मुरडत पेला चाटून पुसून संपवत होत्या. दासही तेच पीत होते, अण्णाही. कोसंबरीसाठी भांडणाऱ्या त्या गल्लीनं आज निमूटपणे त्याच्या पोटाला झेपेल तेच घेतलं होतं.

त्यानं उजवा तळहात पुढे केला.

"पेल्यानंच पी की रे."

"प्रसाद हातावर घ्यायचा असतो ना? ओत. आणि आई..."

"काय?"

"प्रसादात काय आहे, ते सांगायचंही नसतं."

तुंगाबाईंनी ओतलं. थोडं उपरण्यावर सांडलं. त्यानं पायस डोळ्यांना लावायला म्हणून हात उचलला, तेवढ्यात सदऱ्याखाली पिशवीनं खणखणीत गुर्र केलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. हयग्रीवचे कान लाल झाले.

"ऐकलंस?" तुंगाबाई म्हणाल्या. "ती पण मागतेय."

तो हसला. हातावरचं त्यानं न बघता पिऊन टाकलं.